टास्कमध्ये वाट सांगू नका

वेबसाइटचा मेनू लोकांना उमगतो की नाही हे चाचणी घेऊन पाहायचं असेल, तर सहभागींसमोर कोणती कामं ठेवायची आणि कशी? याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरं. अशा कामाला या क्षेत्रात सगळे ‘टास्क’च म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : आम्ही एका ग्रंथालयाच्या वेबसाइटची चाचणी घेतली. सहा जणांना प्रत्येकी दहा टास्क दिले आणि जवळजवळ सगळे टास्क सगळ्यांना जमले. तरीही मदतकक्षाकडे रोज तेच फोन येतात : पुस्तकाची मुदत कशी वाढवायची, हरवलेल्या पुस्तकाचं काय करायचं. चाचणीत जे सापडतं ते घरी बसल्यावर का सापडत नाही? टास्कची यादी सोबत जोडली आहे.

उत्तर : यादीतला तिसरा टास्क असा आहे : ‘सदस्य सेवा विभागात जाऊन पुस्तकाचं नूतनीकरण करा.’ तुमच्या मेनूत ‘सदस्य सेवा’ आहे आणि त्याच्या पोटात ‘नूतनीकरण’ आहे. सहभागीने हातातल्या कागदावरचे शब्द पडद्यावर कुठे दिसतात तेवढं पाहिलं आणि क्लिक केलं. ही शब्द जुळवण्याची परीक्षा झाली. मेनू कळतो का, हे तपासायचं राहून गेलं. घरी बसलेल्या माणसाच्या डोक्यात ‘नूतनीकरण’ हा शब्द नसतो. ‘पुस्तक उद्या परत द्यायचंय आणि अजून वाचून झालं नाही’ एवढंच असतं. तिथून ‘सदस्य सेवा’पर्यंतची उडी त्याची त्याला मारावी लागते. तुमच्या टास्कने नेमकी तीच उडी त्याच्या वतीने मारून टाकली.

तोच टास्क असा लिहून पाहा : ‘तुम्ही ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक उद्या परत द्यायचं आहे, पण ते अर्धंच वाचून झालंय. आणखी काही दिवस ते तुमच्याकडे ठेवता येईल का आणि आलं तर जास्तीत जास्त किती दिवस, ते शोधा.’ यात गरज आहे, शेवट आहे, पण वाट नाही.

मेनूतले शब्द टास्कमध्ये फुटलेत का हे तपासायची एक साधी रीत आहे. मेनूच्या वरच्या दोन पातळ्यांवरची सगळी लेबलं एका कागदावर छापा आणि प्रत्येक टास्क शेजारी ठेवून दोन्हीकडे असलेल्या शब्दांखाली रेघ मारा. रूप बदललेले शब्दही धरा, कारण ‘नोंदणी’ आणि ‘नोंदवा’ डोळ्याला एकच वाटतात. रेघ पडलेला प्रत्येक शब्द काढायलाच हवा असं मात्र नाही. ‘पुस्तक’ हा शब्द तुमच्या पाच लेबलांमध्ये आहे, तेव्हा तो टास्कमध्ये आला तरी कोणत्याही एका दाराकडे बोट दाखवत नाही. घात करतो तो एकाच लेबलात असलेला शब्द. तुमच्या यादीत असे सात टास्क निघाले.

हे टाळताना काही जण दुसऱ्या टोकाला जातात. मेनूतला शब्द चुकवायचा म्हणून ‘वाचनसाहित्य बाळगण्याचा कालावधी विस्तारणे’ असलं काहीतरी लिहितात. मग सहभागी कोडं सोडवत बसतो आणि त्याचा अडखळलेला वेळ आपण मेनूच्या खात्यावर मांडतो. म्हणून टास्क लिहून झाला की पडदा बंद ठेवून तो एका त्रयस्थ माणसाला वाचायला द्या आणि ‘तुम्हाला काय करायला सांगितलंय?’ एवढंच विचारा. त्याने आपल्या शब्दांत बरोबर सांगितलं तर टास्क चालेल. शब्द कुठून आणायचे याचीही चिंता नको. मदतकक्षाच्या फोनच्या नोंदी, आलेल्या ईमेल आणि वेबसाइटच्या सर्चमध्ये लोकांनी टाइप केलेले शब्द हाताशी असतात. लोक स्वतःची अडचण ज्या भाषेत मांडतात ती तिथे आयती मिळते.

लांबीबद्दल : दोन किंवा तीन वाक्यं, साधारण चाळीस शब्दांच्या आत. प्रत्येक टास्क वेगळ्या कार्डावर मोठ्या अक्षरात छापा, सहभागीला मोठ्याने वाचायला सांगा आणि कार्ड त्याच्याकडेच राहू द्या. नाहीतर अर्ध्या वाटेत तो ‘काय शोधायचं होतं?’ म्हणून थांबतो. ‘समजा तुम्ही संशोधक आहात’ अशी सोंगं कोणालाही घ्यायला लावू नका. संशोधकांसाठीचा टास्क असेल तर संशोधकच बोलवा.

आणि तांत्रिक बाजू आधी तपासा. वरचा टास्क चालायचा असेल तर चाचणीसाठीच्या खात्यावर खरोखर एक पुस्तक घेतलेलं असायला हवं आणि त्याची मुदत संपत आलेली हवी. नाहीतर मुदत वाढवण्याचं बटणच कदाचित दिसणार नाही. पहिल्या सहभागीने मुदत वाढवून टाकली की दुसऱ्यासाठी खातं पूर्ववत करावं लागतं. सहा सहभागी असतील तर सारखी मांडणी केलेली सहा खाती आधीच तयार ठेवणं सोपं पडतं. सदस्य क्रमांक आणि पासवर्ड कार्डावरच द्या.

प्रश्न : आमच्या वेबसाइटवर चारशेहून जास्त पानं आहेत. प्रत्येक विभागाला वाटतं आपल्या पानाचा एक तरी टास्क असावा. निवड कशी करायची? तासाभरात किती टास्क बसतात?

उत्तर : विभागांच्या मागणीवरून यादी केलीत तर ती संस्थेच्या आतल्या रचनेसारखी दिसेल आणि मेनूही बहुधा तसाच असेल. मग तपासायचं काय? तीन प्रश्नांवर निवड करा. हे काम किती लोक करतात? ते अडलं तर माणसाचं किती नुकसान होतं? आणि इथे मेनू गोंधळात टाकतो असा संशय घ्यायला काही आधार आहे का? तिन्हींची उत्तरं भक्कम असलेले टास्क आधी घ्या. क्वचित लागणारं पण अडलं तर महागात पडणारं काम, उदाहरणार्थ हरवलेल्या कार्डाची तक्रार, पहिल्या प्रश्नात मागे पडलं तरी ठेवा.

संशय सगळ्यात जास्त असतो तो दोन विभागांच्या सीमेवर. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची वेबसाइट घ्या. वॉशिंग मशीनच्या पाण्याच्या जाळीचा सुटा भाग ‘उत्पादनं’मध्ये, ‘सुटे भाग’मध्ये की ‘सेवा आणि दुरुस्ती’मध्ये? तीन माणसं तीन दारं ठोठावतील. असे सीमेवरचे टास्क निम्मे तरी असू द्यात. निवड झाली की साइटच्या नकाशावर प्रत्येक टास्कची बरोबर वाट पेन्सिलने आखा. पाच रेघा एकाच फांदीवर गेल्या असतील तर दोन काढा. ज्या मोठ्या फांदीवर एकही रेघ नाही तिच्याबद्दल चाचणीनंतर काहीही बोलता येणार नाही, हे आधीच मान्य करा.

तासाचा हिशेब असा : स्वागत, संमती आणि सूचना पाच-सात मिनिटं, सरावाचा एक सोपा टास्क तीन मिनिटं, शेवटी गप्पा दहा मिनिटं. उरलेल्या चाळीस मिनिटांत प्रत्येकी पाच मिनिटं धरून आठ टास्क. दहा बसवता येतात, पण शेवटचे दोन थकलेला माणूस करतो आणि घाईने हार मानतो. सरावाचा टास्क मोजायचा नाही. मनात येईल ते मोठ्याने बोलत वेबसाइट वापरणं सहभागीला आधी जमू दे.

प्रश्न : सहभागी बरोबर पानावर पोहोचतो, वरवर नजर टाकतो आणि पुढे निघून जातो. हे यश धरायचं का? आमच्या टीममध्ये यावरून दोन तट पडलेत.

उत्तर : हा वाद चाचणीनंतर होतो आहे, म्हणजे प्रत्येक टास्कचा शेवट आधी लिहून ठेवलेला नव्हता. आमच्या मते टास्कचं वाक्य लिहिण्याच्याही आधी त्याचा शेवट लिहावा. प्रत्येक टास्कसाठी एक पान करा आणि त्यावर नोंदवा : सुरुवात कोणत्या पानापासून, बरोबर शेवट म्हणून चालणारी सगळी पानं कोणती, तिथलं नेमकं उत्तर काय, सर्वांत जवळच्या वाटेने किती पानं लागतात आणि किती वेळानंतर थांबवायचं. ‘सगळी पानं’ यावर भर देतो, कारण एकच माहिती अनेकदा ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ या पानावरही असते आणि पीडीएफमध्येही. टीमच्या लक्षात एकच पान असतं आणि वेगळ्या पानावर अचूक उत्तर शोधणारा नापास ठरतो.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर : नाही, ते यश नाही. माहिती डोळ्यांसमोर असून ओळखू आली नाही, तर काम झालेलं नाही. यावर उपाय म्हणजे सहभागीलाच शेवट जाहीर करायला सांगणं. ‘हवं ते मिळालं असं वाटलं की “सापडलं” म्हणा आणि उत्तर मोठ्याने वाचा. मिळणार नाही असं वाटलं तर “सोडतो” म्हणा, चालेल.’ मग निकालाचे पाच खण होतात : सरळ गेला आणि सापडलं, भटकून सापडलं, सोडून दिलं, वेळ संपला, आणि ‘सापडलं’ म्हणाला, पण चुकीचं. हा शेवटचा खण कधीही बाकीच्या अपयशात मिसळू नका. सोडून देणारा माणूस फोन तरी करतो. चुकीची माहिती खरी समजून उठलेला माणूस ती घेऊन पुढे जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. आम्ही अहवालात हा खण नेहमी सर्वांत वर ठेवतो.

उत्तर अंदाजाने देता येईल असा टास्क नको. ‘ग्रंथालय सुटीच्या दिवशी उघडं असतं का?’ याला डोळे मिटून उत्तर दिलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. ‘किती ते किती वाजेपर्यंत?’ असं विचारा. त्यातही सहभागीला ती वेळ आधीपासून ठाऊक असेल तर टास्क वाया जातो, तेव्हा ‘हे तुम्हाला आधी माहीत होतं का?’ हे टास्क संपल्यावर विचारून टिपून ठेवा.

वेळेची मर्यादा साधारण तीन ते पाच मिनिटं पुरते. ती सहभागीला सांगू नका. घड्याळाकडे बघत शोधणारा माणूस वेगळा वागतो. वेळ झाली की ‘यातून मला हवं ते समजलं, आपण पुढचं कार्ड घेऊ या’ म्हणा. हरल्याची भावना घेऊन तो पुढच्या टास्ककडे जायला नको.

चाचण्या चालू असताना साइटवर काही बदलणार नाही, हे संबंधितांकडून आधी कबूल करून घ्या. तिसऱ्या आणि चौथ्या सहभागीच्या मध्ये होमपेजवर एखादा बॅनर चढला आणि त्यात तुमच्याच टास्कचं उत्तर असलं, तर पुढचे निकाल मागच्यांशी जुळवता येत नाहीत.

प्रश्न : लोक मेनूकडे न बघता थेट सर्च बॉक्समध्ये टाइप करतात. त्यांना अडवावं का?

उत्तर : काय जाणून घ्यायचंय त्यावर ठरतं. प्रश्न मेनूचाच असेल तर सर्च बॉक्स झाकून टाका, नाहीतर सुरुवातीलाच ‘आज सर्च न वापरता शोधा’ असं सांगा. लोक एरवी कसे वागतात हे हवं असेल तर मोकळं सोडा आणि त्यांनी टाइप केलेला प्रत्येक शब्द जसाच्या तसा टिपा. पुढे लेबलं बदलायची वेळ आली की त्या शब्दांइतकी उपयोगी यादी दुसरी नसते. दोन्ही प्रकारचे निकाल एका तक्त्यात एकत्र करू नका, एवढं पाळा.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट अनेकदा विसरली जाते. बरेच लोक बाहेरच्या सर्च इंजिनवरून थेट आतल्या एखाद्या पानावर उतरतात, होमपेज त्यांना दिसतही नाही. म्हणून आठातले दोन-तीन टास्क आतल्या पानापासून सुरू करा. ‘तुम्ही या पानावर आला आहात’ असं सांगून पान आधीच उघडून ठेवा. आपण साइटवर नक्की कुठे आहोत, हे त्या पानावरून कळतं का, ते यातूनच दिसतं.

प्रश्न : सहावा-सातवा टास्क नेहमी पहिल्यापेक्षा चांगला होतो. ते टास्क सोपे आहेत की सहभागी शिकतात?

उत्तर : सगळ्यांना एकाच क्रमाने टास्क दिले असतील तर या प्रश्नाचं उत्तर तुमच्या माहितीत नाही, कारण दोन्ही कारणं एकमेकांत मिसळली आहेत. लोक शिकतात, हे नक्की. पहिल्या टास्कमध्ये चुकून उघडलेली फांदी सहाव्यात आठवते. म्हणून क्रम फिरवायचा.

आठ टास्क असतील तर पहिल्या माणसासाठी हा क्रम घ्या : 1, 2, 8, 3, 7, 4, 6, 5. दुसऱ्यासाठी प्रत्येक आकड्यात एक मिळवा आणि 8 च्या पुढे 1 धरा : 2, 3, 1, 4, 8, 5, 7, 6. असे आठ क्रम तयार होतात. त्यांत प्रत्येक टास्क प्रत्येक जागी एकदा येतो आणि प्रत्येक टास्कच्या लगेच आधी दुसरा प्रत्येक टास्क एकदाच येतो. टास्कची संख्या सम असेल तेव्हाच ही जुळणी एवढ्या ओळींत बसते. अर्थात यासाठी सहभागी आठच्या पटीत हवेत. पाच-सहाच जण असतील तर कार्डं पिसून द्या आणि कोणाला कोणता क्रम मिळाला ते लिहून ठेवा.

एका टास्कचं उत्तर दुसऱ्याच्या वाटेवर दिसत असेल तर क्रम फिरवून भागत नाही, त्यांतला एक काढावा लागतो. प्रत्येक टास्कनंतर सुरुवातीच्या पानावर परत या. प्रत्येक सहभागीसाठी ब्राउझरची नवी खाजगी खिडकी उघडा, कारण भेट दिलेल्या लिंकचा रंग बदलतो आणि आधीच्या माणसाच्या पाऊलखुणा पुढच्याला दिसतात.

प्रश्न : सहभागी सारखे विचारतात, ‘बरोबर चाललंय ना?’ गप्प बसलं तर ते अवघडतात, बोललं तर उत्तर फुटतं. काय बोलावं?

उत्तर : सुरुवातीलाच सांगून टाका : ‘आज परीक्षा वेबसाइटची आहे, तुमची नाही. मध्ये तुम्ही काही विचारलंत तर मी लगेच उत्तर देणार नाही, कारण तुम्ही एकटे असता तर काय केलं असतं ते मला पाहायचंय. शेवटी सगळं सांगेन.’ आधी सांगितलं की नंतरचं मौन खुपत नाही. ‘बरोबर चाललंय ना?’ याला ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढं पुरतं. सहभागी बोलायचा थांबला तर मनात दहा मोजा, मग ‘आत्ता काय चाललंय मनात?’ असं विचारा. ‘तुम्ही इथे का क्लिक केलंत?’ हे टास्क संपल्यावर विचारायचं. मध्येच विचारलं की तो कारण रचायला लागतो आणि पुढच्या क्लिकआधी थबकतो. मनात येणारं बोलत राहणं आणि विचारल्यावर स्पष्टीकरण देणं यातला हा फरक अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी 1980 मध्ये नेमका मांडला होता आणि तो आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

तुमचे डोळेही बोलतात. बरोबर लिंकवर नजर खिळली किंवा तिथे पोहोचल्यावर तुम्ही पेन उचलून काही लिहिलंत, तर सहभागीला कळतं. त्याच्या किंचित मागे बसा आणि पूर्ण वेळ काहीतरी लिहीत राहा. ‘छान’ म्हणायचं तर यश असो वा अपयश, प्रत्येक टास्कनंतर म्हणा.

प्रश्न : कोण किती भरकटलं हे आकड्यात सांगता येतं का? आम्ही फक्त वेळ मोजतो.

उत्तर : सहभागी मोठ्याने बोलत असेल तर वेळ हे माप जपूनच वापरा, बोलका माणूस हळू दिसतो, एवढंच त्यातून कळतं. मेनूच्या तपासणीसाठी पानं मोजणं जास्त कामाचं आहे. पी. ए. स्मिथ यांनी 1996 मध्ये यासाठी एक सूत्र दिलं. तीन आकडे लागतात : कमीत कमी किती पानं पुरली असती, प्रत्यक्षात एकूण किती पानं उघडली आणि त्यांतली वेगवेगळी किती. समजा कमीत कमी 4, एकूण 10, वेगवेगळी 7. वेगवेगळी भागिले एकूण, म्हणजे 0.7, त्यातून 1 वजा करून वर्ग केला की 0.09. मग कमीत कमी भागिले वेगवेगळी, म्हणजे सुमारे 0.57; त्यातून 1 वजा करून वर्ग केला की सुमारे 0.18. बेरीज 0.27, तिचं वर्गमूळ 0.52. स्मिथ यांच्या मांडणीत 0.4 च्या खाली असलेली माणसं हरवल्यासारखी वागत नव्हती, 0.5 च्या वर असलेली वागत होती. तेव्हा हा माणूस टास्क पूर्ण करूनही हरवलेला होता.

सूत्राचे दोन भाग वेगळे वाचले तर आणखी कळतं. पहिला भाग मोठा असेल तर माणूस त्याच त्या पानांवर परत येत होता. बहुतेक वेळा दोन लेबलं एकसारखी वाटत असतात. दुसरा मोठा असेल तर तो नको त्या पानांवर हिंडत होता. वरच्या पातळीवरचं लेबलच दिशाभूल करत असतं. पण हे गणित उभं राहतं ते ‘कमीत कमी पानं’ या आकड्यावर, आणि तो चाचणीआधी मोजलेला असावा.

प्रश्न : पाच सहभागी पुरतात असं ऐकलंय. आमच्या वरिष्ठांना मात्र टक्केवारी हवी आहे.

उत्तर : पाचचा आकडा जेकब नील्सन आणि टॉम लँडॉवर यांच्या 1993 मधल्या गणिती मांडणीतून आला. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांमध्ये एखादी अडचण एका सहभागीला दिसण्याची शक्यता सरासरी 31 टक्के होती. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे 84 ते 85 टक्के अडचणी किमान एकदा दिसतात. पण जी अडचण दहातल्या एकालाच भेडसावते, ती पाच जणांत दिसण्याची शक्यता 41 टक्केच उरते.

शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असेल तेव्हा. तुमच्या साइटवर विद्यार्थीही येतात आणि शिक्षकही, तर ती दोन पातेली आहेत. प्रत्येकासाठी वेगळे पाच जण आणि वेगळे टास्क हवेत.

टक्केवारीचं म्हणाल तर पाचपैकी चौघांना जमलं म्हणून ‘80 टक्के यश’ लिहू नका. 95 टक्के खात्रीने बोलायचं तर खरा आकडा सुमारे 36 ते 98 यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. वीसपैकी सोळा जणांना जमलं, तेव्हाही तो पट्टा सुमारे 58 ते 93 असतो. पाच जणांच्या चाचणीचा अहवाल ‘पाचपैकी चार’ असा लिहा आणि पाचवा कुठे, का अडला ते सविस्तर सांगा. वरिष्ठांना खरोखर आकडाच हवा असेल तर मोठ्या संख्येने, ऑनलाइन, चाचणी घेणारा शेजारी नसताना द्यायची चाचणी करा. तिचे टास्क वेगळ्या शिस्तीने लिहावे लागतात. पुढचं उत्तर अशाच एका चाचणीबद्दल आहे.

प्रश्न : आमची साइट अजून बनलेलीच नाही, फक्त विभागांची यादी आहे. आत्ताच काही तपासता येईल का?

उत्तर : येईल, आणि हीच उत्तम वेळ आहे. मेनूची निव्वळ शब्दांची फांद्याफांद्यांची यादी दाखवून ‘हे कुठे मिळेल?’ असं विचारतात, त्याला ट्री टेस्ट म्हणतात. डोना स्पेन्सर यांनी 2003 मध्ये ही पद्धत कागदी कार्डांवर मांडून दाखवली होती. एका कार्डावर पहिली पातळी, मग निवडलेल्या शब्दाखालची दुसरी, असं पुढे सरकत जायचं. आता ऑनलाइन साधनं आहेत, पण कार्डांवरही उत्तम चालतं.

इथे पानं नाहीत, चित्रं नाहीत. म्हणून उत्तर विचारायचं नाही, जागा विचारायची : ‘ही माहिती जिथे असेल असं वाटतं ते ठिकाण निवडा.’ ज्या फांद्यांवर टास्क नाही त्याही पूर्ण ठेवा. काढल्यात तर उरलेल्या वाटा फसव्या सोप्या होतात. ‘संपर्क’ ही फांदी मात्र वगळा, कारण अडलेला माणूस तिथेच जातो. प्रत्येक टास्कची बरोबर ठिकाणं आधी ठरवा. ऑनलाइन घेताना सहभागीच्या शेजारी कोणी नसतं, तेव्हा संदिग्ध शब्द सावरायला तुम्ही नाही. टास्क एका वाक्यात लिहा, जास्तीत जास्त दोन. आठ ते दहा टास्क पंधरा-वीस मिनिटांत होतात आणि पन्नासेक माणसं मिळाली तर आकडे बोलू लागतात.

निकालात आधी पहिली निवड पाहा. बॉब बेली आणि कॅरी वुल्फसन यांच्या अभ्यासात पहिलं क्लिक बरोबर पडलेल्यांपैकी 87 टक्के वेळा टास्क यशस्वी झाला, चुकलेल्यांमध्ये 46 टक्के वेळा. म्हणून एखाद्या टास्कवर लोक पहिल्याच पातळीवर दोन दारांत सारखे विभागले गेले असतील, तर खालचं काही हलवण्याआधी वरची ती दोन लेबलं दुरुस्त करा.

प्रश्न : वेळ कमी आहे. रंगीत तालीम टाळली तर चालेल?

उत्तर : टाळू नका. दोन माणसांवर पूर्ण चाचणी घ्या, शक्यतो मुख्य चाचणीच्या दोन दिवस आधी, म्हणजे कार्डं पुन्हा छापायला आणि खाती नीट करायला एक दिवस मधे राहतो. तालमीला टीममधलं कोणी नको. त्यांना मेनू पाठ असतो. दोघंही एकाच कार्डाशी अडखळले तर ते कार्ड बदला, आणि बदललेल्या टास्कचे तालमीतले निकाल मोजणीत धरू नका. टास्क संपल्यावर ‘हे काम किती अवघड किंवा सोपं गेलं?’ हा 1 ते 7 मधला आकडा निवडून उत्तर द्यायचा एकच प्रश्न विचारणार असाल, तर त्याचीही तालीम याच वेळी करा. सहभागीला आपलं उत्तर बरोबर होतं की चूक, हे कळण्याच्या आत तो विचारायला हवा.